शिक्क्याखालचा शिक्का

पंचगंगेवर पूल नाही. पैलतीरी जायचं तर नावाड्याला हाळी द्यायची आणि त्याच्या सवडीची वाट बघत बसायचं. मागे वळून पाहिलंत तर अंबाबाईचा कळसही दिसणार नाही. ते देऊळ उभं राहायला अजून काही शतकं आहेत. रंकाळा नाही, पन्हाळ्याला तट नाही. आहे ती नदीकाठच्या टेकाडावरची ही वस्ती, जिला पुढे तुम्ही कोल्हापूरची ब्रह्मपुरी म्हणाल. इसवी सनाचं दुसरं शतक लागून तीसेक वर्षं झाली आहेत, पावसाळा नुकताच सरलाय, आणि तुम्ही चिखलाचे पाय घेऊन चढ चढताय.

भूक लागली असेल तर आधीच सांगून ठेवतो, तांबड्या रश्श्याची आशा धरू नका. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून यायची आहे आणि तिला अजून चौदाशेच्या आसपास वर्षं लागतील. तोवर तिखट म्हणजे मिरी.

वाटेच्या दोन्ही अंगांना भाजक्या विटांची घरं, वर कौलं. बोली प्राकृत आहे. नीट कान दिलात तर निम्मी कळेल, उरलेली हातवाऱ्यांनी. भात्याचा आवाज येतोय तिकडे वळा. ही टांकसाळ. टांकसाळ म्हणजे काही मोठा वाडा नव्हे. एक पडवी, एक ऐरण, निखाऱ्यांवर मूस आणि पाटावर बसलेला एक म्हातारा कारागीर. शिशाला सोन्याचांदीसारखा कडक ताव लागत नाही. ते ३२७ अंशांना वितळतं, साध्या कोळशावर पाण्यासारखं होतं. पण म्हातारा आत्ता वितळवत नाहीये. त्याच्या डाव्या हाताला जुन्या नाण्यांची रास आहे, उजव्या हाताला नव्यांची. जुनं नाणं सांडशीने उचलायचं, ठशावर ठेवायचं, वरचा ठसा टेकवायचा, हातोडा.

तुम्ही कोल्हापुरी सवयीने त्याला मामा म्हणता.

"मामा, वितळवून नवंच का पाडत नाही?"

"जळण तुझा बाप देणार? शिसं तेच, वजन तेच. नाव तेवढं बदलायचंय."

एक नाणं उचलून उजेडात धरा. एका बाजूला कमानींवर कमानी रचून केलेला डोंगर, त्याच्यावर झाड. दुसऱ्या बाजूला धनुष्य, त्याला बाण लावलेला, टोक वर. भोवती ब्राह्मी अक्षरं: राजा माढरीपुत शिवलकुर. जरा तिरकं धरा. शिवलकुराच्या अक्षरांच्या मधून दुसरी अक्षरं डोकावतायत, अर्धी चेपलेली. वासिठीपुत विळिवायकुर. म्हणजे कालचा राजा. धनुष्य तेच, डोंगर तोच, आईच्या नावाने स्वतःची ओळख सांगायची रीत तीच. घराणंही तेच दिसतं, कुर. तरी आधीच्याचं नाव ठोकून बुजवण्याची घाई झालेली आहे.

मामाला विचारू नका की तुमचा राजा पैठणच्या सातवाहनांचा मांडलिक आहे की स्वतःच्या तोऱ्यातला. अभ्यासक या प्रश्नावर अजून भांडतायत, आणि मामाला नोकरी टिकवायची आहे. तो एवढंच सांगेल की ठसा कोणाचाही असो, बाजारात नाणं चालतं.

शिशाचं विचारा, त्यावर तो बोलेल. रोमचा प्लिनी, साधारण पन्नास वर्षांपूर्वी, लिहून गेलाय की हिंदुस्थानात शिसं होत नाही, तिथले लोक रत्नं आणि मोती देऊन ते घेतात. प्लिनीचं सगळंच खरं मानायचं नसतं, तो ऐकीव माहिती ठोकून देणारा माणूस. पण त्याच्याच काळात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची बंदरांची वही लिहिली. त्या माणसाने ही बंदरं डोळ्यांनी पाहिलेली दिसतात, आणि त्यानेही भडोचला उतरणाऱ्या मालात तांबं, कथील आणि शिसं मोजलंय. त्याशिवाय इटलीची दारू, पोवळं, काच, आणि खास राजासाठी चांदीची भांडी, गाणारी पोरं, अंतःपुरासाठी मुली. या वहीत चौलच्या खाली कोकणकिनाऱ्याची आणखी बंदरं आहेत. माल तिथे उतरतो, लादणीच्या बैलांवर चढतो आणि घाटवाटांनी वर येतो. ब्रह्मपुरीसारख्या गावाचं पोट या वाटांवर आहे.

मामाच्या पडवीतून निघा आणि जरा बऱ्या घरात शिरा. घर व्यापाऱ्याचं आहे. तो तुम्हाला बसायला देतो, मग न राहवून आपला खजिना काढतो, कारण श्रीमंत माणसाला पाहुणा मिळाला की दाखवल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हाही आणि आत्ताही. काशाचा आरसा. बारीक मानेचा सुबक कान असलेला सुरईवजा जग. उठावाच्या नक्षीची एक गोल चकती. तिच्यावर एक पुरुष एका बाईला हात देऊन खाली उतरवतोय. तो पर्सियस, ती अँड्रोमेडा, समुद्रातल्या राक्षसाच्या तोंडून सोडवलेली. व्यापाऱ्याला ही कथा ठाऊक असायचं कारण नाही. त्याला नक्षी आवडली. शेजारी एक छोटा हत्ती, पाठीवर माणसं बसलेली. हा इथलाच, आपल्या कारागिराचा, आणि माझ्या मते सगळ्या मालात सर्वात जिवंत.

आणि मग एक मूर्ती. पंजावर मावेल एवढी, उघड्या अंगाचा दाढीवाला पुरुष, एका पायावर भार टाकून सैल उभा. पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव. हातात मुळात त्रिशूळ होतं.

"यवनांचा देव," व्यापारी म्हणतो. "पाण्याचा. आमचे लोक बंदरावर जातात ना, म्हणून ठेवलाय."

यवन म्हणजे ग्रीक. रोमन हा शब्द त्याच्या तोंडी नाही. भूमध्य समुद्राच्या सगळ्या किनाऱ्यांवर रोमचं राज्य आहे, ही गलबतं रोमच्या प्रजाजनांची आहेत, त्यांतलं सोनं रोमच्या सम्राटाच्या मुखवट्याचं आहे. पण बंदरावर उतरून भाव करणारा माणूस अलेक्झांड्रियाकडचा, ग्रीक बोलणारा. रोमने ग्रीकांना जिंकलं, आणि घाट चढून कोल्हापूरपर्यंत आला तो जिंकलेल्यांचा देव.

मूर्ती हातात घ्या. अभ्यासकांनी हिची नाळ लिसिपॉसच्या घडणीशी जोडली आहे. लिसिपॉस हा अलेक्झांडरच्या काळातला मूर्तिकार, सिकिऑन गावचा. तर सिकिऑनला जाऊ.

इसवी सनपूर्व १९८. सिकिऑनच्या सभागृहात बसायला जागा नाही. अकियन संघ म्हणजे दक्षिण ग्रीसमधल्या नगरांची युती. ही नगरं अनेक वर्षं मॅसिडोनियाच्या राजांच्या बाजूला आहेत, आणि आत्ताचा राजा पाचवा फिलिप. आज रोमचे वकील आलेत: आमच्याकडे या. बोलायला कोणी उठत नाही. जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. फिलिपने उपकार केलेत, त्याच्या शपथा घेतल्यात. पण रोमचं आरमार कोरिंथजवळ नांगर टाकून आहे आणि फिलिप लांब आहे. शेवटी अध्यक्ष अ‍ॅरिस्टेनस उठतो आणि हेच गणित मांडतो. कुणाचेच नाही म्हणालो तर जिंकणाऱ्याच्या तोंडचा घास होऊ. भांडण दिवसभर चालतं, दुसऱ्या दिवशीही. मत घ्यायची वेळ आली तेव्हा फिलिपशी जुनं नातं असलेल्या काही नगरांचे लोक उठून निघून जातात. त्यांना कुणी अडवत नाही. बाकीचे रोमच्या बाजूने हात वर करतात.

कोल्हापूरच्या माणसाला ही बैठक परकी वाटू नये. वारणेचा तह १७३१ चा, चुलत घराण्याशी. १८१२ चा तह इंग्रजांशी: मालवणचा किल्ला सोडला, बदल्यात शेजाऱ्यांच्या स्वाऱ्यांपासून हमी घेतली. पुढे पेशवाई बुडाली आणि करवीरची गादी राहिली. त्या तहावर नाक मुरडणाऱ्यांनी सिकिऑनच्या सभागृहात तासभर बसून बघावं.

दोन वर्षं पुढे सरका. फिलिपचा किनोसेफालेच्या टेकड्यांवर पराभव झालाय. इसवी सनपूर्व १९६ चा उन्हाळा, कोरिंथजवळची इस्थमियाची जत्रा. ही पोसायडनचीच जत्रा, त्याच्याच नावाने भरणारे खेळ. सगळा ग्रीस लोटलाय, आणि कुस्तीच्या मैदानापेक्षा कुजबूज जास्त आहे: आता रोम आपलं काय करणार? तुतारी होते. भालदार पुढे येऊन सेनापती फ्लॅमिनिनसच्या नावाने वाचू लागतो. कोरिंथकर, फोकिसचे, लोक्रिसचे, युबियाचे, थेसलीचे... सगळे मोकळे. फौजेचं ठाणं नाही, खंडणी नाही, आपापले कायदे.

तुमच्या शेजारचा माणूस विचारतो, काय म्हणाला? निम्म्यांना ऐकू आलेलं नाही, उरलेल्यांचा विश्वास बसलेला नाही. भालदाराला परत बोलावतात, परत वाचायला लावतात. आणि मग जो आवाज उठतो! चरित्रकार प्लुटार्क सांगतो, वरून उडणारे कावळे खाली पडले. कावळे पडले नसतील. पण कानठळ्या बसल्या असणार. खेळ कुणी बघितलेच नाहीत. फ्लॅमिनिनसच्या अंगावर हारफुलांचा असा मारा झाला की तो चेंगरायचाच.

त्या गर्दीत न ओरडणारेही काही आहेत. एटोलियन. हे रोमचे ग्रीसमधले जुने मित्र, फिलिपविरुद्ध सोबत लढलेले, आणि वाटणीत त्यांच्या हाती फारसं लागलेलं नाही. ते म्हणतायत, बेडीचा मालक बदललाय, एवढंच. बोलतात ते तिरसटपणाने, पण चुकीचं म्हणता येत नाही. कोरिंथच्या किल्ल्यावर रोमची शिबंदी आणखी दोन वर्षं होती. एटोलियनांनी मग स्वतःच बाजू बदलली. इसवी सनपूर्व १९२ मध्ये त्यांनी सीरियाच्या अँटिओकसला बोलावलं, रोमपासून सोडव म्हणून. तो आला, थर्मोपिलीला हरला, निघून गेला. एटोलियनांना पुढे रोमच्या पाया पडावं लागलं.

पुढची पन्नास वर्षं भरभर ओलांडू. मॅसिडोनियाचं राज्य इसवी सनपूर्व १६८ मध्ये पिडनाच्या लढाईत संपलं. रोमला मग मित्रांचाच संशय येऊ लागला: लढाईत तुम्ही पुरेसे आमचे होता का? अकियनांची हजार माणसं ओलीस म्हणून इटलीला नेली. त्यांच्यात एक पॉलिबियस होता. रोम जगाचा धनी कसा झाला, याचा इतिहास त्याने लिहिला, आणि ओलीस असतानाच रोमच्या बड्या घराशी त्याची दोस्तीही जमली. सतरा वर्षांनी उरलेले तीनशेच्या आसपास परत आले.

आणि इसवी सनपूर्व १४६. आता कोरिंथला थांबू नका म्हटलं तरी पाय निघणार नाही. ज्या अकियनांनी सिकिऑनला हात वर केले होते, त्यांच्या नातवंडांनी रोमशी युद्ध पुकारलं, आणि हरले. सेनापती मुम्मियस शहरात शिरतो. पुरुष कापले जातात, बायका-मुलं विकली जातात, शहर पेटवलं जातं. इथून हाकेच्या अंतरावर पन्नास वर्षांपूर्वी मोकळे म्हणून जाहीर झालेले ते हेच लोक. पॉलिबियस लगेचच तिथे पोचतो. नामांकित चित्रांच्या फळ्या जमिनीवर टाकून शिपाई त्यांवर सोंगट्या खेळताना त्याने पाहिले. बाकीची चित्रं-मूर्ती गलबतांवर चढवतात. मुम्मियस नाखव्यांना दम देतो: यातलं काही हरवलं तर नवीन भरून द्यावं लागेल. रोमन लेखक पुढे हे सांगून हसायचे. मला त्यात हसण्यापेक्षा शिपाईगड्याचा प्रामाणिकपणा जास्त दिसतो. मूर्ती म्हणजे नग, एवढाच हिशेब त्याला ठाऊक.

राखेवर शंभर वर्षांनी ज्युलियस सीझरने नवं कोरिंथ वसवलं, रोमन वसाहत म्हणून. तुम्ही ब्रह्मपुरीत आहात त्याच शतकातला ल्युकियन नावाचा लेखक कोरिंथच्या एका पोसायडनचा उल्लेख करतो: काशाचा, लिसिपॉसने घडवलेला. तोवर रोमन घरांत ग्रीक मूर्तींच्या छोट्या नकला ठेवणं खानदानी शौक झाला होता. कारखाने निघाले, साचे निघाले. इसवी सनपूर्व ३० मध्ये ऑगस्टसने इजिप्त घेतलं, तांबड्या समुद्राची बंदरं रोमकडे आली, आणि भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की मायोस होर्मोस या एकाच बंदरातून वर्षाला १२० गलबतं हिंदुस्थानकडे निघू लागली. जुलैत निघायचं, नैर्ऋत्येचा वारा धरायचा, पाऊस ओसरताना इकडे लागायचं. त्यातल्या कुठल्या तरी गलबतात ही वीतभर मूर्ती होती.

व्यापाऱ्याला मूर्ती परत द्या. तो आता वेगळ्याच काळजीत बोलतोय. बंदरांचं काही खरं नाही. कल्याणची गोष्ट त्याच्या आजोबांच्या तोंडची आहे, आणि पेरिप्लसच्या वहीतही नेमकी तीच आहे. थोरल्या सातकर्णीच्या काळी कल्याण रीतसर बंदर होतं. मग सत्ता बदलली, नाकेबंदी झाली, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. भडोच क्षत्रपांचं, म्हणजे शक राजांचं. जकात तिथे पडली पाहिजे. नाखवा बिचारा वाऱ्यावर आलेला. कोणाचं कोणाशी बिनसलंय हे त्याला किनाऱ्यावर हत्यारबंद माणसं दिसल्यावर कळायचं.

क्षत्रप नहपान आणि सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णी यांच्यातली झुंज तुम्हाला ठाऊक आहे. तिचा पुरावा १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला निघाला: नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी, आणि त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा. नहपानाचं डोकं तसंच, त्याच्यावर नवा ठसा. मामाने केलं ते शिशात, हे चांदीत.

नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईने, बलश्रीने, मुलाची थोरवी कोरून घेतली: शक, यवन, पल्हव यांचा संहार करणारा. वाचून छाती फुगते. मग पुण्याकडे उतरा आणि कार्ल्याच्या चैत्यात जा. तिथले काही खांब कोणी दिले? धेनुकाकटच्या यवनांनी, खांबावर नाव कोरून. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. ज्यांचा संहार एका भिंतीवर आहे, त्यांचं दान दुसऱ्या भिंतीवर आहे. दोन्ही लेख खरे. पहिला दरबाराचा, दुसरा बाजाराचा.

यवनांचं जाऊ द्या, शकांशीच सोयरीक झाली. गौतमीपुत्रानंतरच्या पिढीत वासिष्ठीपुत्र सातकर्णीने क्षत्रपकन्या केली. कान्हेरीच्या लेखात तिचं कार्दमक कूळ आहे, आणि बाप महाक्षत्रप रुद्रदामन असल्याचं मानलं जातं. आणि गिरनारच्या पायथ्याच्या लेखात, इसवी सन १५० च्या सुमारास, तोच रुद्रदामन लिहून ठेवतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी उघड्या लढाईत दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून मुळासकट उखडलं नाही. सासुरवाडीचा हा टोमणा दगडावर कोरलेला आहे, त्यामुळे जावयाला विसरायची सोय नाही. माझ्या मते फ्लॅमिनिनसच्या जाहीरनाम्यापेक्षा हा सरळ माणूस. हरवलं म्हणाला, सोडलं म्हणाला, कारणही सांगितलं.

बाहेर या. मामाच्या पडवीत पुन्हा हातोडा सुरू झालाय, पण तुम्ही आत होतात तेवढ्यात काही वर्षं निघून गेली आहेत. आता उजव्या हाताच्या राशीवर गोतमीपुत विळिवायकुर. डाव्या हाताला शिवलकुराची नाणी, आणि त्यांच्याखाली पहिल्या विळिवायकुराची. काही नाण्यांवर तिघेही एकमेकांच्या उरावर बसलेत. तिन्ही वेळा धनुष्य मात्र त्याच जागी.

त्याच सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमी नावाचा भूगोलवेत्ता जगातल्या गावांची यादी करतोय. तो कधी इकडे आलेला नाही. नाखव्यांकडून, व्यापाऱ्यांकडून ऐकतो आणि अक्षांश-रेखांश टाकतो. त्याच्या यादीत पैठण ही सिरी पोलेमायोसची राजधानी, म्हणजे सातवाहन पुळुमावीची. उज्जैन तियास्तेनेसची, म्हणजे रुद्रदामनाचा आजा चष्टन. आणि तिसरं नाव, हिप्पोकुरा, राजा बालेओकुरोस. बालेओकुरोस म्हणजे विळिवायकुर, हे बहुतेकांना मान्य आहे. हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूरच का, यावर मतं वेगळी आहेत. राजा मात्र आपलाच, पैठण आणि उज्जैनच्या पंगतीला बसवलेला. ते नाव घाट उतरून, समुद्र ओलांडून, ग्रीक जिभेवर वाकडं होत रोमच्या इजिप्तपर्यंत पोचलं.

शिवलकुराचं पोचलं नाही. टॉलेमीच्या यादीत तो नाही. तो माणसांच्या हाती लागला १८७७ च्या सुमारास, ब्रह्मपुरीच्याच टेकडीवर निघालेल्या शिशाच्या नाण्यांत, आणि तिथेही काही नाण्यांवर दुसऱ्या विळिवायकुराच्या ठशाखाली चेपलेला.